रविवारचे खोटे-खोटे

दीड-दोन वर्षांचे मूल तपासणीसाठी आले की त्याच्या आईवडिलांना मी एक प्रश्न हटकून विचारते. "बाळ खोटे-खोटे खेळते का? रिकाम्या कपातून चहा प्यायल्यासारखे करते का? बाहुलीला भरवते का?" माझ्या बालरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांना या प्रश्नाचे मर्म सांगावयास नको. स्वमग्नतेच्या प्राथमिक चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एम-चॅट प्रश्नावलीतही तो आहे. रिकाम्या कपात चहा आहे असे मानणे ही बुद्धीची फार मोठी झेप आहे. जे नाही ते आहे असे धरून चालायचे आणि ते नाही याचेही भान ठेवायचे, ही दुहेरी कसरत माणसाचे मूल वयाच्या दुसऱ्या वर्षी करू लागते.

एकदा नातवाला घेऊन आलेल्या एका आजोबांनी हा प्रश्न ऐकून मला उलट विचारले, "डॉक्टरबाई, आणि मोठ्या माणसांनी खोटे-खोटे खेळणे कधी सोडले, हे कोणी तपासते का?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आज ते भेटले तर मी त्यांना रविवारी सायंकाळी सहा वाजता माझ्या हिमायतनगरच्या दवाखान्यात बोलावीन. तेथे प्रतीक्षागृहातल्या बुटक्या रंगीत खुर्च्यांवर, भिंतीवरच्या हत्ती-जिराफांच्या साक्षीने, सहा प्रौढ माणसे गोलाकार बसलेली असतात. सहा जणांच्या वयांची बेरीज साडेतीनशेच्या घरात जाते. मध्ये टेबलावर इराणी चहाचा थर्मास, उस्मानिया बिस्किटे, चार-दोन पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा. आमच्या दवाखान्यातील मदतनीस बाईने पहिल्या दिवशी दारातून डोकावून विचारले होते, "मॅडम, ये लोगां क्या खेल रहे?" त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

प्रारंभ २०२१ च्या मे महिन्यात झाला. ते दिवस या स्मरणिकेच्या वाचकांना निराळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. आमचे एक भूलतज्ज्ञ मित्र त्या काळात अतिदक्षता विभागात होते आणि रात्री अकरानंतर मला फोन करीत. बोलायचे काहीच नसे. दोन-तीन मिनिटे दोघेही गप्प राहून आम्ही फोन ठेवत असू. पुण्यात असलेल्या माझ्या कन्येला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आई, रविवारी दोन तास दे, आणि काकांनाही बसव. बाकी काही विचारू नकोस." त्या रविवारी संगणकाच्या पडद्यावर आम्ही पाच-सहा जण जमलो आणि तिने आम्हाला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाच्या खेळात ओढले. आमचे अस्थिरोगतज्ज्ञ मित्र पहिली वीस मिनिटे "हा पोरखेळ आहे" असे म्हणत होते. एकविसाव्या मिनिटाला त्यांच्या पात्राने एका गुहेचे दार खांद्याने फोडले आणि त्यानंतर ते उठेनात. दोन तास कोणी प्राणवायूच्या सिलिंडरचे नाव काढले नाही. मला त्या दिवशी एवढेच पुरेसे वाटले. लाट ओसरल्यावर पडदा गेला आणि खेळ दवाखान्यात आला.

खेळ कसा चालतो ते थोडक्यात सांगते. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग उभा करतो. "रात्र आहे, नदीला पूर आहे, पलीकडच्या काठावर कंदील हलतो आहे. आता तुम्ही काय करता?" उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. पात्राचा एक कागद असतो. नाव, वय, अंगात किती बळ, बुद्धी कितपत, कोणती विद्या येते, जवळ काय सामान आहे, कशाचे भय वाटते. तो पाहून आमच्या विकृतिशास्त्रज्ञ मैत्रिणीने तत्क्षणी निदान केले, "हा तर केसपेपर!" पात्राने काही अवघड करायचे ठरविले की फासा टाकायचा. समजा, पूर पोहून जाण्यास पंधरा किंवा अधिक पडायला हवेत. म्हणजे यशाची शक्यता शेकडा तीस. सोबत्याने हात दिला तर फासा दोनदा टाकून त्यातला मोठा आकडा घ्यायचा; मग तीच शक्यता एक्कावन्नावर जाते. सोबतीची किंमत इतक्या नेमक्या आकड्यात मला कोणी यापूर्वी सांगितली नव्हती. खेळात हार-जीत नाही, पट नाही, सोंगट्या लागतातच असे नाही. गोष्ट पुढे जाते, एवढेच.

फाशाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पालकांना आपण सहज सांगून जातो, "पंचाण्णव टक्के काही होणार नाही." वीस बाजूंच्या फाशावर एक पडण्याची शक्यता नेमकी पाच टक्के असते. रविवारच्या एका बैठकीत हा एक दोन-तीनदा पडतोच, आणि ज्याचा पडतो त्याचा चेहरा पाहिला की ते 'पाच टक्के' किती जवळ राहतात हे समजते. संख्याशास्त्र मी एम.डी.ला शिकले होते. त्याचा चेहरा मात्र येथे पाहिला.

या खेळाचा जन्म अमेरिकेतला. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी राहणारे, पूर्वी विमा कंपनीत नोकरी केलेले गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन यांनी तो सिद्ध केला. १९७४ च्या जानेवारीत तीन पातळ पुस्तिकांची एक पेटी निघाली. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या एक हजार प्रती होत्या. त्याचे मूळ आणखी मागे, प्रशियाच्या सैन्यात सापडते. तेथील रायस्विट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ मांडला. त्यात दोन्ही पक्षांपासून अलिप्त असा एक पंच असे. खेळाडूंनी त्याला आपले हुकूम द्यायचे आणि त्याने परिणाम सांगायचे. पुढे या पंचाचा अनुभव नियमांच्या पुस्तकाहून महत्त्वाचा मानावा, असे म्हणणाराही एक पक्ष निघाला. वैद्यकातील वरिष्ठ आणि प्रोटोकॉल यांच्या चिरंतन वादाची येथे आठवण होते.

१९७९ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठातून सोळा वर्षांचा एक हुशार विद्यार्थी नाहीसा झाला आणि वृत्तपत्रांनी त्याचे खापर या खेळावर फोडले. मुले भ्रमिष्ट होतात, जीव देतात, सैतानाची पूजा करतात, अशी हाकाटी पुढे बरीच वर्षे चालली. त्या मुलाला नैराश्य होते आणि अभ्यासाचे असह्य ओझे होते, हे नंतर उजेडात आले. मूल जे बोलत नाही ते ऐकण्याऐवजी ते जे खेळते त्याला दोष देणे सोपे असते; हे मी बाह्यरुग्ण विभागात दर आठवड्याला पाहते. तेथे आता दोषी खेळाचे नाव तेवढे बदलले आहे.

आता आपल्याकडे येऊ. 'डंजन मास्टर' हा शब्द आमच्यापैकी कोणाच्याच तोंडी बसेना. आमच्या गटात मराठीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना आम्ही सारे 'बाई' म्हणतो. त्या म्हणाल्या, "यात नवे काय आहे? हा तर विष्णुदासांचा सूत्रधार." आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केले. त्याच घटनेच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण साजरा करतो. त्या नाटकात पदे तेवढी रचलेली होती. सूत्रधार रंगमंचावर उभा राहून ती गाई, कथेचा धागा पुढे नेई, आणि पात्रे आपापली भाषणे ऐनवेळी, स्वतःच्या बुद्धीने करीत. लिहिलेले संवाद नव्हतेच. कोकणच्या दशावतारात तर आजही हेच चालते. नाटकाच्या आधी कथानक ठरते, कोणी कोणती भूमिका करायची ते ठरते. पुढचे वाग्युद्ध त्या रात्रीचे, त्या नटांचे. एकाने प्रश्न टाकला की दुसऱ्याने तो झेललाच पाहिजे. रावणाने ऐनवेळी काही निराळेच विचारले तर रामाला विंगेत जाऊन संहिता पाहता येत नाही, कारण संहिता नाही.

पुढे संगीत नाटक आले, लिहिलेले नाटक आले, आणि सूत्रधार नांदीपुरता उरला. मराठी नाटकाला त्याने खूप दिले यात वाद नाही. परंतु एक गोष्ट मागे पडली असे मला वाटते: धागा एकाच्या हाती, शब्द मात्र दुसऱ्याच्या मुखी, ही वाटणी. लेखकाने दोन्ही आपल्याकडे घेतले. डॉक्टरनेही तेच केले, असे मी पुढे म्हणणार आहे. पण ते क्रमाने.

कन्येला नोकरीतून वेळ मिळेनासा झाला तेव्हा सूत्रधारपण माझ्याकडे आले. ड्रॅगन आमच्या पचनी पडत नव्हता. बँकेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी, ज्यांना सारे अण्णा म्हणतात, त्यांनी स्पष्ट विचारले, "या प्राण्याला नैवेद्य कसला दाखवायचा ते कळले तर मी पुढे खेळतो." बाहेरच्या देशांतले लेखकही आता आपापल्या मातीतल्या गोष्टी या खेळात आणू लागले आहेत, २०२२ मध्ये निघालेल्या याच खेळाच्या एका अधिकृत कथासंग्रहात मिमी मंडल या भारतीय लेखिकेने बंगालच्या वळणाची भूमी उभी केली आहे. मी दूर कशाला जाऊ? मी आमचीच नदी घेतली. मुसी. साल १९०८.

२८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुराविषयी हैदराबादच्या प्रत्येक घरात काही ना काही ऐकलेले असते. पंधरा हजारांच्या आसपास माणसे गेली असे सांगतात. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या एका पुरात वाहून गेली. एकटे ते वाचले. नदीकाठचे अफझलगंज रुग्णालय उद्ध्वस्त झाले. त्याच परिसरात पुढे उस्मानिया रुग्णालय उभे राहिले, आणि तेथील चिंचेचे झाड आजही दाखविले जाते. त्याच्या फांद्यांना धरून दीडशेच्या सुमारास लोक वाचले. या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले आणि वरच्या अंगाला दोन तलाव बांधले गेले, उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये. ज्या शाहजाद्याच्या नावाचा हा दुसरा तलाव, त्याच हिमायत अली खानांच्या नावाने आपला हिमायतनगर वसला. म्हणजे आमच्या खेळाचे टेबल एका अर्थी त्या पुराच्या काठावरच मांडलेले आहे.

पात्रे निवडताना प्रत्येकाने आपल्या नेमके उलट काहीतरी घेतले, याची मला मोठी गंमत वाटली. आयुष्यभर कर्जे मंजूर-नामंजूर करणारे अण्णा बेगमबाजारातल्या सावकाराला चुकवून पळणारा ऋणको झाले. विकृतिशास्त्रज्ञ मैत्रीण, जिने कधी सिग्नल तोडला नसेल, ती रुग्णांच्या वळकट्या चोरणारी भामटी झाली. अस्थिरोगतज्ज्ञ भिश्ती झाले, तेही पुराच्या रात्री! चार हजार मुलांना शुद्धलेखन शिकवलेल्या बाईंनी अक्षरशत्रू दाई घेतली. एकटे भूलतज्ज्ञ आपल्या व्यवसायाजवळ राहिले, पण स्त्री होऊन. त्यांनी क्लोरोफॉर्म देणारी एक तरुण पारशी साहाय्यिका घेतली. या शहरात ते पात्र कल्पनेतले ठरत नाही. १८८८ आणि १८८९ मध्ये एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजाम सरकारच्या खर्चाने दोन क्लोरोफॉर्म आयोग येथेच बसले होते, आणि जगातील आद्य स्त्री भूलतज्ज्ञांत ज्यांची गणना होते त्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी हैदराबाद मेडिकल स्कूलच्याच विद्यार्थिनी. आमच्या मित्रांनी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढले आणि पहिल्या रविवारी पल्लेदार मिशांनिशी "मी, मिस अमुक" अशी ओळख करून दिली. बालगंधर्वांच्या भाषेत नांदणाऱ्या माणसांनी त्याला हसू नये, असे बाईंनी बजावले. तरी आम्ही हसलोच.

पाचव्या की सहाव्या रविवारी पाणी रुग्णालयाच्या अंगणात आले. पात्रे एक-एक करून चिंचेवर चढत होती. मी एक प्रसंग योजला होता. वॉर्डाच्या ओसरीवर एक तरुण आई बसली आहे, पदराखाली तिचे मूल आहे, त्याचा श्वास लागला आहे, आणि ती झाडावर यायला तयार नाही. माझ्या वहीत मी तिच्या नावापुढे लिहून ठेवले होते: 'पाण्याला भिते. समजावले तर येते. बारा किंवा अधिक.' सोपे होते. पात्रांनी चार धीराचे शब्द बोलायचे, फासा टाकायचा, ती झाडावर चढणार.

भिश्ती म्हणाला, "वेळ नाही. मी तिला उचलतो आणि वर देतो." फासा टाकला, तीन पडले. पारशी साहाय्यिकेने मुलाच्या श्वासाविषयी शास्त्रशुद्ध माहिती दिली, सहा पडले. भामटीने तिला सोन्याची बांगडी देऊ केली. अण्णांनी देवाचे नाव घेतले. मग बाईंची दाई पुढे झाली. बाईंनी फाशाला हातही लावला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी हळू विचारले, "पोरी, तुला काय करावंसं वाटतंय?"

सूत्रधार या नात्याने त्या आईचे उत्तर मलाच द्यायचे होते. वहीत उत्तर नव्हते. आणि माझ्या तोंडून जे आले ते मी योजलेले नव्हते. "त्याला गार वाटतंय. तो असाच माझ्यापाशी राहू दे. झाडावर नेलं तर तुम्ही त्याला हातोहात वर द्याल, आणि मग तो माझ्याकडे परत येणार नाही."

टेबलावर कोणी बोलेना. बाहेर लिबर्टीकडून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न तेवढे वाजत होते.

मला ती आई ठाऊक होती. २०१० साली, मी एका मोठ्या रुग्णालयात काम करीत असताना, नांदेड जिल्ह्यातून सात महिन्यांचे एक मूल आले होते. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, पहिला प्रकार. तेव्हा या आजारावर औषध नव्हते. नुसिनर्सेनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०१६ च्या डिसेंबरात. न्यूमोनिया झाला होता, छातीचे स्नायू थकले होते. मी त्या बाईला श्वसनयंत्राविषयी, शक्यतांविषयी, खर्चाविषयी जे जे सांगायचे ते सांगितले. मराठीत, सावकाश, शिक्षित माणसाला शोभेल अशा सौजन्याने. ती मध्येच म्हणाली, "बाई, घरी न्यावं का त्याला?" मी ते प्रश्न म्हणून घेतले आणि उत्तर दिले: नेऊ नका. आज मला वाटते, तो प्रश्न नव्हताच. ती मला काही सांगत होती, आणि माझ्यासारख्या बाईशी बोलताना सांगण्याचे धाडस झाले नाही म्हणून तिने त्याला प्रश्नाचे रूप दिले होते.

मूल एकोणीस दिवस यंत्रावर होते. भेटीची वेळ दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटे. नियम रुग्णालयाचा होता. पण तिला आत बसू देण्याचा अधिकार मला होता आणि मी तो वापरला नाही, कारण मला ते सुचलेच नाही. मूल गेले तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि ती बाहेर बाकावर होती. माझ्या वैद्यकीय निर्णयात त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे चूक नव्हती. कोणी तक्रार केली नाही. जाताना ती माझ्या पाया पडली. ते मला अधिक लागले.

हे सारे मी त्या रविवारी टेबलावर सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात सांगितले. अस्थिरोगतज्ज्ञ मित्र, ज्यांच्या तोंडाला एरवी कुलूप नसते, ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "माझ्याकडेही असे एक आहे. मग कधीतरी." त्यांनी ते अजून सांगितलेले नाही आणि आम्ही विचारलेले नाही. भूलतज्ज्ञांनी मात्र २०२१ मधल्या त्या मूक फोनांत काय होते, ते त्या दिवशी प्रथमच सांगितले. ते येथे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

भूमिका घेण्यातून डॉक्टरला शिकविता येते, हा काही माझा शोध नव्हे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मज्जारोगतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्येच एका निरोगी स्त्रीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसविले होते. तेव्हा त्यांना 'हॉलीवूडची हवा लागली' असे टोमणे ऐकावे लागले. आज जगभरच्या परीक्षांत असे 'प्रमाणित रुग्ण' असतात. आपल्याकडेही २०१९ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपासून संवाद आणि नीतिमत्ता यांचा अभ्यासक्रम लागू झाला आहे आणि त्यात भूमिका घेऊन सराव करायचा असतो. फार चांगले आहे. परंतु त्यात विद्यार्थी बहुधा डॉक्टर होतो आणि रुग्ण दुसराच कोणी. उलट करून पाहावे असे मला सुचवावेसे वाटते. डॉक्टरांनी आईची भूमिका घ्यावी आणि समोर निवृत्त मराठीच्या बाई असाव्यात. आम्ही शिकलो त्या पिढीला तर हा अभ्यासक्रम मिळालाच नाही. आम्हाला शिकविणाऱ्या सरांमागून राउंडला फिरता फिरता जे दिसले तेच आम्ही उचलले, आणि सरांना कोणी मध्येच प्रश्न विचारलेला आम्ही पाहिला नव्हता.

त्यानंतर दवाखान्यात मी एक लहानसा बदल केला. गंभीर काही सांगायचे असले की माहिती देण्यापूर्वी विचारते, "तुम्हाला काय वाटते आहे?" आणि मग गप्प बसते. गप्प बसणे हा यातला कठीण भाग. पहिले काही दिवस मी मनात आकडे मोजत असे. दहापर्यंत पोहोचण्यापूर्वीच माझी जीभ वळवळू लागे. सूत्रधाराला हे करावेच लागते: प्रसंग मांडला की थांबायचे, कोणीतरी बोलेपर्यंत. एका आजीने असे सोळापर्यंत मोजल्यावर मला सांगितले की नातवाचे औषध घरात कोणी देतच नाही, कारण ते महाग आहे आणि मुलाची नोकरी गेलेली आहे. तीन महिने मी औषधाची मात्रा वाढवीत होते.

प्रत्येक वेळी हे साधते असे नाही. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने अत्यवस्थ झालेल्या मुलीच्या वडिलांना मी असेच विचारले, तेव्हा ते संतापले. "डॉक्टर तुम्ही आहात की मी? मला काय विचारता, काय करायचं ते सांगा!" त्यांचे बरोबर होते. त्या क्षणी त्यांना शब्द नको होते, धागा हवा होता. मी दोन वाक्यांत सांगितले काय करायचे ते, आणि केले. मुलगी बरी झाली. कोणत्या आईबापांना विचारावे आणि कोणाला सांगावे, हे ओळखण्याची युक्ती मला अद्याप सापडलेली नाही. खेळातही सापडलेली नाही. कधी कधी खेळाडू इतके गोंधळतात की भिश्ती ओरडतो, "अहो सूत्रधार, झाडाच्या कोणत्या फांदीला धरू ते तरी सांगा!" तेव्हा फांदी दाखवावी लागते.

चिंचेखालच्या त्या आईचे पुढे काय झाले, असे हा लेख वाचून दाखविला तेव्हा माझ्या कन्येने विचारले. सांगते. दाईने तिला झाडावर चढविले नाही. तिने भिश्त्याला पखालीचा पट्टा सोडायला लावला, मूल आईच्या छातीशी बांधले, आणि मग दोघींनी मिळून वर चढायचे ठरविले. मूल कोणाच्या हातात द्यायचे नाही, ही अट. सोबत होती म्हणून फासा दोनदा टाकला. बाईंना आधी नऊ पडले, मग सतरा. मुलाचा श्वास पहाटेपर्यंत टिकला की नाही, त्यासाठी मी फासा टाकलेला नाही. कोणी टाक म्हटलेलेही नाही. सध्या पाणी उतरते आहे, अण्णांचा सावकार शेजारच्याच फांदीवर निघाला आहे, आणि भामटीने चोरलेल्या वळकट्या सर्वांना पांघरायला दिल्या आहेत.

आमच्या टेबलाशी एक जागा मोकळी आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ असल्यास उत्तम, कारण दाईला काही शंका विचारायच्या आहेत. रविवार, सायंकाळी सहा. खुर्च्या फार बुटक्या आहेत. गुडघ्यांची तक्रार असल्यास आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला आधी घ्यावा, मात्र ते त्या वेळी भिश्ती असतील.